रक्त कमी, पण कारखाना चालू आहे का?

‘अंगात रक्त कमी आहे’ हे वाक्य कधीच उच्चारले गेले नाही, असे घर आपल्याकडे विरळाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रिपोर्टात हिमोग्लोबिनचा आकडा खाली दिसला की घरोघरी बीट, गूळ, खजूर सुरू होतात. पण हिमोग्लोबिन ही नुसती शिल्लक झाली. आवक कमी झाली की जावक वाढली, हे शिल्लक पाहून कळत नाही.

तांबड्या पेशी हाडांच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होतात. एक पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणजे रोज शेकडा एकाच्या आसपास नवी भरती हवी. रक्तात नुकत्याच उतरलेल्या कोवळ्या पेशींना रेटिक्युलोसाइट म्हणतात. विशिष्ट निळा रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात नाजूक जाळी दिसते. निरोगी प्रौढात त्यांचे प्रमाण साधारण अर्धा ते अडीच टक्के असते. हाडात सुई न घालता कारखान्याची खबर देणारी ही साधी तपासणी आहे.

मात्र टक्केवारी फसवी असते. समजा, एखाद्याच्या रक्तात तांबड्या पेशींचा हिस्सा ४५ टक्क्यांवरून १५ वर आला आहे आणि कोवळ्या पेशी ६ टक्के आहेत. वाटेल, मज्जा जोरात आहे! पण एकूण पेशीच एक तृतीयांश उरल्या, म्हणून सहाचे खरे मोल दोनच. शिवाय एवढ्या टंचाईत मज्जा पेशी वेळेआधीच बाहेर धाडते आणि त्या रक्तात जास्त दिवस कोवळ्या दिसतात, म्हणून आणखी अडीचने भागायचे. उरले ०.८! सर्वसाधारणपणे हा निर्देशांक तीनच्या वर असेल तर मज्जा नेटाने झटते आहे. मग रक्तस्राव होतो आहे की पेशी फुटताहेत, ते शोधायचे. दोनच्या खाली असेल तर लोह, बी-१२ किंवा फोलिक ॲसिड यांचा तुटवडा, मूत्रपिंडाचा विकार किंवा मज्जेचेच दुखणे असू शकते.

या शास्त्राचा एक धागा मुंबईशी जुळलेला आहे. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली इथे आली आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलिक ॲसिड. औषध लागू पडल्याची पहिली खूण म्हणून त्या काळचे संशोधक कोवळ्या पेशींच्या वाढीकडेच पाहत.

ती खूण आजही उपयोगी पडते. माझ्या प्रयोगशाळेत एक बाई आल्या होत्या. लोहाच्या गोळ्या सुरू करून आठ दिवस झालेले, शौच काळे होत होते, आणि सासूबाई म्हणत, ‘‘उष्ण पडतात गं, सोड त्या!’’ हिमोग्लोबिन जेमतेम हलले होते. पण कोवळ्या पेशी एकावरून सातावर पोचल्या होत्या. मी दोघींना आकडे दाखवले. ‘‘म्हणजे आतून सुरू झालंय!’’ सासूबाईच म्हणाल्या. गोळ्या चालू राहिल्या.

लोह लागू पडले की सात ते दहा दिवसांत ही संख्या शिगेला पोचते. हिमोग्लोबिन मात्र आठवड्यांच्या हिशेबाने चढते आणि ते भरल्यावरही साठ्यासाठी गोळ्या साधारण तीन महिने घ्याव्या लागतात. गोळ्या नेमाने घेऊनही आकडा हलत नसेल, तर नुसता डोस वाढवू नका. ‘‘मज्जा प्रतिसाद देते आहे का?’’ एवढा एकच प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. थॅलेसेमिया मायनर, मूळव्याधीतून जाणारे रक्त किंवा बी-१२ ची उणीव अशी दडलेली कारणे पुष्कळदा त्या एका प्रश्नातून उजेडात येतात.