मज्जातंतूंच्या आजारांवर प्लाझ्मा बदलण्याचा उपचार : वेळ, खर्च आणि आपले कर्तव्य

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरात, विशेषतः किरकटवाडी, नांदेड, धायरी व खडकवासला या भागांत, गुलेन-बारे सिंड्रोम अर्थात ‘जीबीएस’चे रुग्ण एकाएकी वाढले. राज्यातील संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. हे नाव वर्तमानपत्रांतून जांब समर्थच्या घराघरांत पोहोचले आणि आमच्या बाह्यरुग्ण विभागातही विचारणा होऊ लागली. म्हणून या आजाराची व त्यावरील एका महत्त्वाच्या उपचाराची माहिती सभासद, देणगीदार व ग्रामस्थ यांच्यापुढे ठेवीत आहोत.

आजार कसा होतो

अनेक रुग्णांना आधी एक ते तीन आठवडे जुलाब अथवा सर्दी-तापाचा त्रास झालेला असतो. पुण्यातील काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आढळला. या जीवाणूचे बाह्य कवच व आपल्या मज्जातंतूंचे घटक यांत साम्य असते. त्यामुळे जीवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करतात. प्रथम पायांना मुंग्या येतात, मग अशक्तपणा वर चढत जातो. सुमारे पाचपैकी एका रुग्णाचे श्वसनाचे स्नायू दुबळे होऊन त्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो.

प्लाझ्मा का बदलावयाचा

ही घातक प्रतिपिंडे रक्तातील पिवळसर द्रवात, म्हणजे प्लाझ्मात असतात. मानेतील अथवा जांघेतील मोठ्या शिरेत नळी घालून रक्त यंत्रात घेतले जाते. यंत्र रक्तपेशी व प्लाझ्मा वेगळे करते. प्लाझ्मा टाकून दिला जातो, आणि त्याच्या जागी अल्ब्युमिनचे द्रावण मिसळून पेशी रुग्णास परत दिल्या जातात. साठ किलो वजनाच्या व्यक्तीत एका वेळी सुमारे अडीच ते तीन लिटर प्लाझ्मा बदलला जातो. काही प्रतिपिंडे रक्तवाहिन्यांबाहेरच्या ऊतींत असतात व ती पुन्हा रक्तात उतरतात. म्हणून एक दिवसाआड साधारण पाच वेळा हा उपचार करावा लागतो. रक्तदाब उतरणे, कॅल्शियम कमी होऊन ओठांभोवती मुंग्या येणे, नळीच्या जागी जंतुसंसर्ग होणे, हे त्याचे धोके होत. म्हणून तो अतिदक्षता विभाग व रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच होतो. आमच्या रुग्णालयात ही सोय नाही.

उत्तर अमेरिकेत १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४५ रुग्णांच्या अभ्यासाने या उपचाराची उपयुक्तता सिद्ध केली. दुसरा पर्याय इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनांचा. नेदरलँड्समधील १९९२ च्या अभ्यासानंतर तोही तितकाच गुणकारी मानला जाऊ लागला. दोन्ही एकापाठोपाठ दिल्याने विशेष अधिक लाभ होत नाही, हे १९९७ मध्ये दिसून आले. नुसत्या स्टेरॉइडचा मात्र जीबीएसमध्ये उपयोग होत नाही. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायूंच्या दुबळेपणाच्या आजारात श्वास अडखळू लागल्यास, तसेच न्यूरोमायलायटिस ऑप्टिकासारख्या काही विकारांतही प्लाझ्मा बदलतात.

वेळ व खर्च

प्रशासन म्हणून आम्हांस खर्चाचाही विचार करावा लागतो. इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा दर किलो वजनास एकूण दोन ग्रॅम असते. साठ किलोच्या रुग्णास १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या लागतात. त्या मानाने प्लाझ्मा बदलणे आपल्याकडे बहुधा कमी खर्चाचे पडते. मात्र त्यास यंत्र व प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून या आजारास सहाय्य मिळते, हे कुटुंबीयांनी लक्षात ठेवावे.

खर्चापेक्षाही वेळेचे मोल अधिक. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाल्यास लाभ सर्वाधिक मिळतो. चार आठवड्यांनंतर तो फारसा राहत नाही. ‘वारे गेले’, ‘थकवा आहे’ असे म्हणत घरी काढलेले दिवस परत मिळत नाहीत.

म्हणून आमच्या कर्मचाऱ्यांस तीन सूचना दिल्या आहेत. दोन्ही पायांतील बळ दिवसेंदिवस कमी होत असलेल्या रुग्णास त्याच दिवशी डॉक्टरांपुढे न्यावे. दीर्घ श्वास घेऊन त्यास एका दमात आकडे मोजण्यास सांगावे. वीसपर्यंत पोहोचताना दम तुटत असेल तर ती धोक्याची खूण समजावी. आणि जालना वा छत्रपती संभाजीनगर येथे पाठविताना सोबत प्राणवायू व जाणकार कर्मचारी असावा. ग्रामस्थांनी पाणी उकळून प्यावे व कोंबडीचे मांस पूर्ण शिजवावे.

बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात. समर्थ रामदासांनी शरीरबळाची उपासना शिकविली. त्यांच्या जन्मगावातील रुग्णाचे गेलेले बळ परत मिळवून देण्यात आमचा वाटा वेळेवर ओळखण्याचा व त्वरित पाठविण्याचा आहे. रुग्णवाहिका व प्राणवायूची व्यवस्था सज्ज राहील, इतके सहकार्य देणगीदारांकडून पुढेही मिळावे, ही नम्र विनंती.