सिंहासनाविना राजे (लेखांक सहावा) : रोमानियाचे मिहाय आणि एक सही

इटलीचे राजे दुसरे उंबेर्तो यांचे सिंहासन जून १९४६ मधील सार्वमताने गेले, हे मागील लेखात पाहिले. मतमोजणीविषयी राजपक्षाच्या तक्रारी होत्या, तरी निदान प्रश्न लोकांपुढे ठेवला गेला होता आणि लोकांनी त्याचे उत्तर दिले होते. रोमानियात तसे काही घडले नाही. तेथे ३० डिसेंबर १९४७ रोजी बुखारेस्टमधील एलिसाबेता राजवाड्यात २६ वर्षांच्या राजापुढे आधीच तयार करून आणलेला एक कागद ठेवण्यात आला, त्यावर त्याची सही घेण्यात आली आणि त्याच दिवशी देश लोक-प्रजासत्ताक झाल्याचे जाहीर झाले. राजे मिहाय त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे जगले. या सत्तर वर्षांचा अर्थ लावायचा तर पुन्हा पुन्हा त्या सहीकडेच वळावे लागते, कारण जी राजवट सोव्हिएत सैन्याच्या बळावर उभी होती तिलाही ती सही हवी होती, आणि ती का हवी होती यातच या राजाच्या सामर्थ्याचे आणि असहायतेचेही मर्म आहे.

घटनात्मक राजेशाही म्हणजे राजाने राज्यघटनेने आखून दिलेल्या मर्यादेत राहून मंत्र्यांच्या सल्ल्याने चालवायची राज्यपद्धती. रोमानियाच्या १९२३ च्या घटनेनुसार मंत्र्याच्या प्रतिस्वाक्षरीवाचून राजाचा हुकूम चालत नसे, आणि राजाच्या मान्यतेवाचून संसदेने संमत केलेले विधेयक कायदा होत नसे. अशा व्यवस्थेत राजाच्या हाती ना खजिना असतो ना प्रत्यक्ष कारभार. असते ती फक्त सही, पण त्या सहीशिवाय राज्याचा कोणताही निर्णय पुरा होत नाही.

मिहाय यांचा जन्म २५ ऑक्टोबर १९२१ रोजी कार्पेथियन पर्वतातील सिनाया या गावी झाला, आणि त्यांच्या वाट्याला राजपद आले ते वडिलांच्या बेजबाबदारपणामुळे. युवराज कारोल यांनी पत्नी एलेना हिला सोडून माग्दा लुपेस्कू या स्त्रीसाठी १९२५ च्या अखेरीस वारसाहक्कावर पाणी सोडले. त्यामुळे जुलै १९२७ मध्ये आजोबा राजे फर्डिनांड वारले तेव्हा पाच वर्षांचा नातू गादीवर बसला आणि कारभारासाठी तिघांचे राजप्रतिनिधी मंडळ, म्हणजे राजा सज्ञान होईपर्यंत त्याच्या नावाने अधिकार चालवणारे मंडळ, नेमले गेले. पुढे जून १९३० मध्ये कारोल विमानाने अचानक परतले आणि संसदेकडून स्वतःला राजा म्हणवून घेते झाले. राजा असलेला मुलगा अशा रीतीने आठव्या वर्षी पुन्हा युवराज झाला, आणि त्याच्या आईला देश सोडून फ्लॉरेन्सला जावे लागले. सिंहासन मिळणे आणि जाणे या दोन्ही गोष्टी या मुलाने कळत्या वयाआधीच पाहिल्या होत्या.

१९४० च्या उन्हाळ्यात रोमानियाने बेसाराबिया सोव्हिएत संघाला, उत्तर ट्रान्सिल्वेनिया हंगेरीला आणि दक्षिण दोब्रुजा बल्गेरियाला गमावला. त्या अपमानाच्या लाटेत कारोल यांना ६ सप्टेंबर रोजी पायउतार व्हावे लागले आणि मिहाय १८ व्या वर्षी दुसऱ्यांदा राजे झाले. या वेळी सत्ता जनरल इऑन आंतोनेस्कू या हुकूमशहाच्या हाती होती. राजाकडे पंतप्रधान नेमण्यासारखे मोजके अधिकार शिल्लक होते. जून १९४१ मध्ये देश जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरल्याची बातमीही आपल्याला रेडिओवरून कळली, असे मिहाय यांनी पुढे सांगितले आहे. आंतोनेस्कूच्या राजवटीत रोमानियाच्या ताब्यातील प्रदेशांत २,८०,००० ते ३,८०,००० ज्यू मारले गेले, असा निष्कर्ष २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने काढला. त्या काळात राजमाता एलेना, ज्या मुलाच्या राज्यारोहणानंतर परतल्या होत्या, त्यांनी ज्यूंना वाचवण्यासाठी केलेल्या खटपटीची नोंद इस्राएलच्या याद वाशेम या स्मृतिसंस्थेने १९९३ मध्ये घेतली. तरुण राजाचे मौन मात्र अभ्यासकांना सलत राहिले आहे, आणि त्याच्या हाती फारसे काही नव्हते हे मान्य करूनही तो प्रश्न मिटत नाही.

राजाच्या हाती जे थोडे होते त्याचा उपयोग २३ ऑगस्ट १९४४ रोजी झाला. तीन दिवसांपूर्वी सोव्हिएत फौजांनी याश आणि किशिनेव्ह यांच्या परिसरात मोठी चढाई करून आघाडी फोडली होती. त्या दिवशी दुपारी आंतोनेस्कू राजवाड्यात आले, तेव्हा मिहाय यांनी ताबडतोब शस्त्रसंधी करावी, म्हणजे लढाई थांबवण्याचा करार करावा, असे त्यांना सांगितले. आंतोनेस्कूंनी नकार देताच ठरल्याप्रमाणे पहारेकरी आत आले आणि हुकूमशहाला अटक झाली. कारोल यांना टपाल तिकिटे जमवण्याचा शौक होता आणि ती ठेवण्यासाठी राजवाड्यात एक लोखंडी तिजोरीची खोली बांधलेली होती. देशाचा सर्वेसर्वा त्या खोलीत कोंडला गेला. त्याच रात्री राजाने रेडिओवरून बाजू बदलल्याची घोषणा केली, आणि दुसऱ्या दिवशी जर्मन विमानांनी बुखारेस्टवर बॉम्बफेक केली. बावीस वर्षांच्या तरुणाने मूठभर विश्वासू माणसांच्या साहाय्याने केलेले हे धाडस युद्धाच्या इतिहासात अजोड म्हणावे असे आहे. त्याची किंमतही मोठी होती, कारण मॉस्कोत शस्त्रसंधीवर सह्या होईपर्यंत १२ सप्टेंबर उजाडला आणि मधल्या दिवसांत शस्त्रे खाली ठेवलेल्या एक लाखाहून अधिक रोमानियन सैनिकांना सोव्हिएत फौजांनी युद्धकैदी म्हणून नेले. स्टालिनने जुलै १९४५ मध्ये मिहाय यांना ‘विजय’ हा सर्वोच्च लष्करी सन्मान दिला, पण तोवर राजाभोवतीचा फास आवळला गेला होता.

त्याच वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस सोव्हिएत उपपरराष्ट्रमंत्री आंद्रेई विशिन्स्की यांनी राजवाड्यात येऊन जनरल रादेस्कू यांचे सरकार बरखास्त करण्याची मागणी टेबलावर मूठ आपटून केली आणि निघताना दार इतक्या जोराने आदळले की भिंतीच्या गिलाव्याला तडा गेला, असे सांगितले जाते. ६ मार्चला पेत्रू ग्रोझा यांचे कम्युनिस्टांच्या वर्चस्वाखालील सरकार आले. ऑगस्टमध्ये राजाने त्यांना राजीनामा देण्यास सांगितले आणि पंतप्रधानांनी तो आदेश सरळ धुडकावला. घटनेच्या दृष्टीने ही गोष्ट अभूतपूर्व होती. तेव्हा मिहाय यांनी सरकारच्या कागदांवर सही करणेच बंद केले. रोमानियाच्या इतिहासात याला ‘राजाचा संप’ म्हणतात. ग्रोझा सरकार सहीवाचून फर्माने काढत राहिले. ८ नोव्हेंबरला, राजाच्या नामदिनी, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या सणादिवशी, राजवाड्यासमोर जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन माणसे मेली, आणि जानेवारी १९४६ मध्ये मोठ्या राष्ट्रांच्या तडजोडीनुसार विरोधी पक्षांचे दोन मंत्री घेतले गेल्यावर संप मिटला. वरवर पाहता हाती काही लागले नाही. तरीही सहीशिवायच्या राज्यकारभाराला वैधतेचा आधार नसतो हे या चार-साडेचार महिन्यांत राजालाही कळले आणि कम्युनिस्टांनाही. नोव्हेंबर १९४६ च्या निवडणुकीचे निकाल उघडपणे फिरवण्यात आले, १९४७ मध्ये शेतकरी पक्षाचे वृद्ध नेते युलिऊ मानिऊ यांना जन्मठेप झाली, आणि मग राजा तेवढा उरला.

नोव्हेंबर १९४७ मध्ये मिहाय ब्रिटनच्या राजकुमारी एलिझाबेथ यांच्या विवाहासाठी लंडनला गेले, तेथे त्यांची बूर्बाँ-पार्मा घराण्यातील आन यांच्याशी भेट झाली. राजा आता परतणार नाही अशी अनेकांची अटकळ होती, आणि तसे झाले असते तर राजवटीची मोठीच सोय झाली असती. पण ते डिसेंबरमध्ये परतले. ३० तारखेला त्यांना सिनायाहून तातडीने राजधानीत बोलावून घेण्यात आले. एलिसाबेता राजवाड्याला सैन्याचा वेढा होता, दूरध्वनी तोडलेला होता. ग्रोझा आणि कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख गेओर्गे गेओर्गिऊ-देज यांनी कागद पुढे केला. मिहाय यांनी अनेक मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे, सही न केल्यास अटकेत असलेल्या हजार विद्यार्थ्यांना गोळ्या घालू अशी धमकी देण्यात आली, आणि ग्रोझांनी आपल्या खिशातील पिस्तुलाचीही जाणीव करून दिली: आंतोनेस्कूचे जे झाले ते आपले होऊ नये म्हणून ते जवळ बाळगले होते. राजाने सही केली. या सहीला भेकडपणा ठरवणाऱ्यांनी त्या खोलीत दुसरा कोणता मार्ग उरला होता ते सांगायला हवे. स्वतःच्या मुकुटासाठी तरुण मुलांचे प्राण पणाला लावणारा राजा अधिक मोठा ठरला असता, असे मानता येत नाही.

राज्यत्याग म्हणजे राजाने आपला अधिकार स्वेच्छेने सोडणे. या व्याख्येतील ‘स्वेच्छेने’ हा शब्दच मिहाय यांच्या पुढील दाव्याचा पाया होता. ३ जानेवारी १९४८ च्या रात्री त्यांना आईसह आगगाडीने देशाबाहेर धाडण्यात आले आणि ४ मार्चला लंडनमध्ये त्यांनी हा राज्यत्याग जबरदस्तीचा, म्हणून रद्दबातल असल्याचे जाहीर केले. दुसरा मुद्दा घटनेचा होता. राजा स्वतःपुरता पायउतार होऊ शकतो, पण वंशजांच्या वतीने हक्क सोडणे किंवा राज्यपद्धतीच बदलणे एका सहीने होत नाही, कारण १९२३ ची घटना पूर्णतः वा अंशतः स्थगित करण्यास त्या घटनेतच मनाई होती. राजवटीने उत्तर म्हणून मे १९४८ मध्ये त्यांचे नागरिकत्व काढून घेतले.

ज्या घटनेचा देशात मागमूस उरला नव्हता तिचे बंधन मिहाय परमुलखात पाळत राहिले, ही या चरित्रातील सर्वांत विलक्षण गोष्ट होय. ज्यांच्याशी त्यांचा विवाह ठरला होता त्या आन कॅथलिक होत्या. मुलांना कॅथलिक पंथात वाढवण्याची हमी दिल्यास विवाहाला संमती मिळेल अशी पोप बारावे पायस यांची अट होती. घटनेनुसार राजवंशाने ऑर्थोडॉक्स पंथात राहणे आवश्यक असल्याने मिहाय यांनी ती हमी नाकारली. परिणामी १० जून १९४८ रोजी अथेन्समध्ये, मामा, ग्रीसचे राजे पॉल, यांच्या यजमानपदाखाली लागलेल्या लग्नाला वधूचे आईवडीलही आले नाहीत.

विजनवासातील राजे म्हटले की काझिनो आणि किनाऱ्यावरचे बंगले आठवतात. कारोल यांनी पोर्तुगालमध्ये काहीसे तसेच आयुष्य काढले. मिहाय यांनी इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात भाजीपाला पिकवला आणि कोंबड्या पाळल्या. युद्धकाळात फ्रेंच सैन्यासाठी रुग्णवाहिका चालवलेल्या आन यांना कष्टाचे वावडे नव्हते. मिहाय यांचा जीव लहानपणापासून यंत्रांत रमत असे, बिघडलेली जीप स्वतः उघडून दुरुस्त करण्याइतका; हीच आवड उपजीविकेला आली. १९५६ मध्ये स्वित्झर्लंडला येऊन ते लिअर या अमेरिकी विमानकंपनीकडे चाचणी-वैमानिक झाले, म्हणजे नवी उपकरणे बसवलेली विमाने स्वतः उडवून पारखण्याचे काम करू लागले. पुढे त्यांनी विद्युत उपकरणांचा स्वतःचा व्यवसायही करून पाहिला. जिनिव्हाजवळच्या व्हेर्स्वा गावी पाच मुली वाढल्या. मायदेशात मात्र २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय दिन झाला आणि त्या दिवसाचे सारे श्रेय कम्युनिस्ट पक्षाच्या नावे लिहिले गेले. ज्याने आंतोनेस्कूला अटक करवली त्याचे नाव पाठ्यपुस्तकांतून पुसले गेले, आणि रेडिओ फ्री युरोपवरून येणारे त्याचे संदेश लोक चोरून ऐकत.

डिसेंबर १९८९ मध्ये कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूंची राजवट कोसळली, तरी दार लगेच उघडले नाही. पुढच्या वर्षी नाताळच्या दिवशी मिहाय कुर्तेआ दे आर्जेश येथील पूर्वजांच्या समाध्यांकडे निघाले असता त्यांना महामार्गावर अडवून काही तासांत परत पाठवण्यात आले. १९९२ च्या ईस्टरला परवानगी मिळाली तेव्हा बुखारेस्टच्या रस्त्यांवर लाखो लोक लोटले, आणि त्या गर्दीने धास्तावलेल्या, राष्ट्राध्यक्ष इलिएस्कू यांच्या सरकारने १९९४ मध्ये त्यांना विमानतळावरूनच माघारी धाडले. नागरिकत्व परत मिळाले ते १९९७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष कॉन्स्तान्तिनेस्कू यांच्या काळात. त्याच वर्षी ७५ वर्षांचे मिहाय ज्या प्रजासत्ताकाने त्यांचे पद घेतले होते त्याला नाटो करारात प्रवेश मिळावा म्हणून युरोपच्या राजधान्यांतून फिरले. मुकुट परत मागण्याची मोहीम त्यांनी हाती घेतली नाही. आपले हक्क ते एका गोष्टीपुरते ठामपणे मांडत राहिले: ती सही खरी नव्हती.

हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. जून २०११ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष त्रायान बासेस्कू यांनी राज्यत्यागाला राष्ट्रद्रोह म्हटले. त्यानंतर चारच महिन्यांनी, ९० व्या वाढदिवशी, मिहाय यांनी संसदेपुढे भाषण केले आणि बासेस्कू त्याला उपस्थित राहिले नाहीत. ५ डिसेंबर २०१७ रोजी स्वित्झर्लंडमधील ओबोन येथे मिहाय यांचे निधन झाले, आणि सरकारी इतमामाने, राजघराण्याच्या जुन्या आगगाडीतून त्यांचा देह कुर्तेआ दे आर्जेशला नेण्यात आला.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर प्रश्न १९९१ मध्येच बंद झाला, कारण सार्वमताने स्वीकारलेल्या नव्या घटनेने प्रजासत्ताक स्वरूपात कधीही बदल करता येणार नाही असे कलम घातले. पण त्या सार्वमतात राजेशाही की प्रजासत्ताक असा स्वतंत्र प्रश्न विचारलेला नव्हता, संपूर्ण घटनेला होय किंवा नाही एवढेच म्हणायचे होते. म्हणून ३० डिसेंबरच्या कागदाची वैधता इतिहासकार आजही तपासतात. वारसाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. जुन्या घटनेनुसार गादी फक्त पुरुषवंशाकडे जात असे आणि मिहाय यांना मुलगा नव्हता. २००७ मध्ये त्यांनी घराण्याचे नवे नियम करून थोरली कन्या मार्गारेता हिला वारस नेमले. ज्या घटनेसाठी त्यांनी पोपची अट नाकारली होती तिच्यातील हे एक कलम त्यांनी स्वतःच बाजूला सारले, आणि तेही सहीनेच. मार्गारेता स्वतःला राणी म्हणवत नाहीत. ‘मुकुटाच्या संरक्षक’ ही उपाधी त्या वापरतात.

(पुढील लेखांक : बल्गेरियाचे सिमेओन, जे नवव्या वर्षी देशाबाहेर गेले आणि परतल्यावर निवडणूक जिंकून पंतप्रधान झाले.)