भावाच्या घरात राहतो, म्हणून पेन्शन नाकारली?

मागच्या भागानंतर इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणांहून पत्रं आली. त्यातला एक प्रश्न वारंवार दिसला. "साहेब, माझी डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली. मी भावाकडे राहतो, घरात कमावता माणूस आहे, म्हणून नाकारली का? आता अपील करून काही उपयोग आहे का?"

उत्तर आधी देतो. त्या कारणाने नाकारलेली नाही, आणि अपील जरूर करा.

हा गैरसमज कुठून येतो, ते मला ठाऊक आहे. केंद्राची दिव्यांगांसाठीची इंदिरा गांधी पेन्शन योजना आहे, तिथे कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं लागतं आणि अपंगत्व 80 टक्के लागतं. तिथे घरातल्या सगळ्यांची मिळकत मोजली जाते. गावातल्या तलाठ्याने त्या योजनेचं सांगितलेलं असतं आणि आपला माणूस तेच फौजेच्या पेन्शनला लावतो. फौज तुमची चूल कोणाबरोबर आहे हे विचारत नाही. ती दोन गोष्टी बघते: आजार किंवा इजा नोकरीमुळे झाली, की नोकरीमुळे वाढली, आणि अपंगत्व किमान 20 टक्के आहे का.

नकाराच्या पत्रात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. इंग्रजी आद्याक्षरांवरून फौजेत याला 'नाना' म्हणतात. आमच्या पलटणीतले मराठी जवान म्हणायचे, "साहेब, आमच्या नशिबी नाना आले." गंमत सोडा, पण या एका शेऱ्याने माणूस आयुष्यभराच्या पेन्शनला मुकतो.

आमच्या पलटणीतल्या एका शिपायाचं सांगतो. आठ वर्षं नोकरी झाल्यावर 2014 साली फिट येण्याच्या आजारावरून त्याला घरी पाठवलं. अपंगत्व 20 टक्के, शेरा नाना. थोडीफार ग्रॅच्युइटी हातात पडली आणि तो इंदूरला धाकट्या भावाच्या दोन खोल्यांत राहायला गेला. पहिलं अपील त्याने स्वतः लिहिलं, तीन पानं. भावावर ओझं झालोय, वहिनीला तोंड दाखवायची लाज वाटते, मुलीची फी थकली आहे. वाचून मला वाईट वाटलं, पण त्याला सांगितलं, "अरे, यात खोटं काहीच नाही, आणि कामाचंही काही नाही." अपील समितीला दयेवर निर्णय द्यायचा नसतो. बोर्डाने लिहिलेलं कारण कुठे चुकलं, एवढंच तिला दाखवायचं असतं.

मग बोर्डाचे कागद मागवले. रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, नाही दिले तर माहिती अधिकारात मागा. मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही, भरतीच्या वेळचा तपासणी अहवाल, हॉस्पिटलची केसशीट आणि कुठे कुठे पोस्टिंग झालं त्याची नोंद, एवढं हातात आल्याशिवाय अपिलाचं एक वाक्यही लिहू नका.

केसशीटमध्ये एक ओळ सापडली: घराण्यात फिटचा आजार. ती आली कुठून? भाऊ भेटायला गेला होता. डॉक्टरने विचारलं तेव्हा तो भोळेपणाने म्हणाला, आमचे एक मामाही असेच पडायचे. मामा दारू पिऊन पडायचे! कुठलीही तपासणी नाही, मामांचा कागद नाही, आणि त्या ओळीवर आजार जन्मजात ठरला. घरच्यांच्या साध्या बोलण्याचं असंही होतं.

दुसऱ्या अपिलात भावाचं प्रतिज्ञापत्र जोडलं. भरतीच्या अहवालात आजाराची नोंद नाही, हे दाखवलं. उंचावरच्या पोस्टिंगच्या तारखा दिल्या. आणि धरमवीर सिंग खटल्याचा आधार घेतला. सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल जुलै 2013 चा, आणि तो जवानही फिटच्याच आजाराने घरी गेलेला. भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस तेव्हा निरोगी होता असं धरायचं. आजार नोकरीमुळे नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची. आणि भरतीत तो कळणं शक्य नव्हतं असं बोर्डाला म्हणायचं असेल, तर त्याची कारणं लिहायला हवीत. आमच्या शिपायाच्या कागदावर कारण म्हणून एक शब्द होता, जन्मजात. बस.

एक सावधगिरी: हे नियम 21 सप्टेंबर 2023 पासून बदलले आहेत. तुम्ही कधी बाहेर पडलात, त्यावर कोणते नियम लागतील ते आधी बघा.

मुदती पाळा. नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, ते फेटाळलं तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं. पत्राचा लिफाफा फेकू नका, तारीख त्यावर असते. दुसरं अपीलही फेटाळलं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. अपिलावर सहा महिने उत्तरच आलं नाही, तरी तिथे जाता येतं. उशीर झाला असेल तर कारण देऊन माफी मागता येते, पण मग थकबाकी साधारण अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. निवृत्त माणसाला आपण राहतो तिथल्या पीठाकडे अर्ज करता येतो. म्हणजे घर भावाचं का असेना, इंदूरवाल्याला जबलपूर आणि बडोदेवाल्याला मुंबई.

दुसरं अपीलही फेटाळलं गेलं. न्यायाधिकरणात तो जिंकला. अशा प्रकारे घरी पाठवलेल्यांचं 20 टक्के अपंगत्व हिशेबात 50 टक्के धरतात. पूर्ण 100 टक्क्यांना शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, म्हणून 50 ला 15 टक्के. शिवाय नोकरीचा भाग वेगळा.

आणि हो, वहिनी. जिला तोंड दाखवायची त्याला लाज वाटायची, तिने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर प्रत्येक फिटची तारीख पेन्सिलने मांडून ठेवली होती. चार वर्षांची कॅलेंडरं. न्यायाधिकरण कधी कधी नव्याने मेडिकल बोर्ड बसवायला सांगतं, तेव्हा आजार किती वेळा उसळतो हे घरात राहणाऱ्या माणसाशिवाय कोण सांगणार? तुमच्या घरी कोणी असं मांडत नसेल, तर आजपासून मांडायला सांगा. तारीख, वेळ, किती मिनिटं.