चालताना पोटरी का भरून येते?

गुलमंडीहून पैठण गेटकडे निघालेले काका वाटेत दोन-तीनदा थांबतात, दुकानांच्या पाट्या पाहिल्यासारखे करतात आणि पुन्हा चालू लागतात. विचारले, तर 'वय झाले, वाताचा त्रास आहे' असे सांगतात. पण ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी भरून येत असेल आणि काही मिनिटे थांबताच बरे वाटत असेल, तर पायाचा रक्तपुरवठा कमी पडत असण्याची शक्यता असते.

चालताना स्नायूंना जास्त रक्त लागते. धमन्यांत चरबीचे थर साचून त्या अरुंद झाल्या, की ते पुरत नाही. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल ही त्याची मुख्य कारणे. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांत बर्गरचा आजारही आढळतो. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. त्यात हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून गुठळ्यांनी बंद होतात. तंबाखू पूर्ण सोडणे हाच त्यावरचा मुख्य उपाय. विडी सोडून तंबाखू मळणे ही पळवाट ठरते.

मधुमेहात पायाची संवेदना कमी झाल्याने दुखणे जाणवतच नाही. म्हणून रोज तळपाय पाहावेत. डॉक्टर पावलावरची नाडी तपासतात, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजतात. दोन्हींचे गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी असल्यास धमनीत अडथळा असल्याचे समजते.

गार पाय शेकू नयेत. भाजलेले कळत नाही. रात्री पाय ठणकत असेल, जखम भरत नसेल किंवा बोट काळे पडत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उशीर झाला, तर पाय गमवावा लागू शकतो.