विश्लेषण : ‘शेतापर्यंतच तर जायचंय...’ शिरूर-दौंडमधील हेल्मेटचा प्रश्न पुण्यापेक्षा वेगळा का?

हेल्मेटसक्ती म्हटले की पुण्याचा वाद आठवतो. गेली वीसएक वर्षे तो अधूनमधून पेटतो आणि विझतो. मात्र या वादातील बहुतेक मुद्दे शहराच्या रस्त्यांवरचे आहेत. पुणे जिल्ह्याच्याच शिरूर आणि दौंड तालुक्यांत तेच मुद्दे जसेच्या तसे उचलले जातात, तेव्हा ते किती टिकतात? कायदा नेमका काय सांगतो? आणि विरोध करणाऱ्यांचे काही बरोबर आहे का?

पुण्यात काय घडले होते?

१ जानेवारी २०१९ पासून पुणे शहर पोलिसांनी हेल्मेटची कारवाई कडक केली. तेव्हा आयुक्त होते के. व्यंकटेशम. हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली, मोर्चे निघाले. त्याच वर्षी जूनमध्ये शहरातील आमदारांनी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची भेट घेतली आणि रस्त्यात अडवून होणारी कारवाई सैल झाली. त्याआधी २०१६ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा केली होती. पंपचालकांच्या विरोधामुळे तीही बारगळली. मार्च २०२२ च्या अखेरीस जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्यातील सरकारी-निमसरकारी कर्मचाऱ्यांसाठी आदेश काढला. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यांवरही कारवाईच्या सूचना दिल्या.

या सगळ्यात पुणेकरांचा मुख्य युक्तिवाद एकच होता. शहरात गाडी जेमतेम ताशी २५-३० किलोमीटरने चालते, मग हेल्मेट कशाला? महामार्गावर वापरू की! सक्तीचे कट्टर विरोधकही महामार्गावरच्या हेल्मेटला सहसा हरकत घेत नाहीत, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

मग शिरूर-दौंडमध्ये वेगळे काय?

इथे गावातला रस्ता आणि महामार्ग वेगळे काढताच येत नाहीत. पुणे-अहिल्यानगर महामार्ग, म्हणजे आपला नगर रोड, शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव आणि शिरूर असा वस्त्यांच्या मधोमध जातो. दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर महामार्गावर यवत, चौफुला, वरवंड, पाटस, कुरकुंभ ही गावे आहेत. घर एका बाजूला, शेत दुसऱ्या बाजूला. डेअरीला दूध घालायचे, मुलाला शाळेत सोडायचे, खताची पिशवी आणायची, तर महामार्ग ओलांडावा लागतो किंवा त्यावरून दोन-तीन किलोमीटर जावे लागते. अंतर गल्लीतले असते, पण शेजारून जाणारा कंटेनर ताशी ८० ने धावत असतो. भुयारी मार्ग किंवा दुभाजकातील जागा लांब असली की राँग साइडने जाणे आलेच.

‘शेतापर्यंतच तर जायचंय’ हे वाक्य म्हणूनच फसवे आहे. फेरी छोटी आहे म्हणून हेल्मेट घरी राहते, आणि तीच फेरी रोज दोनदा-चारदा महामार्गाला छेदते.

त्यात ऊसतोडीचा हंगाम. दोन्ही तालुके भीमेच्या खोऱ्यातले, उसाचे. पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा हे या भागातील परिचित साखर कारखाने, आणि दौंडकडची गुऱ्हाळे वेगळीच. हंगामात रात्रीच्या वेळी दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याने रांगेत चालतात. अनेकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीची रात्रपाळी सुटते तीही याच रस्त्यांवर. अंधारात अशा ट्रॉलीवर मागून धडकलेल्या दुचाकीची बातमी आपण दर हंगामात वाचतो.

दुसरा फरक रुग्णालयाचा. शिरूरला ग्रामीण रुग्णालय आहे, दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे. मात्र डोक्याला गंभीर मार लागला की सीटी स्कॅन आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी बहुतेकदा पुणे गाठावे लागते. शिरूरहून साधारण ६५-७० किलोमीटर, दौंडहून ७५-८०. त्यात वाघोलीची वाहतूक कोंडी! कोथरूडमध्ये पडलेल्या माणसाला जो पहिला तास मिळतो, तो न्हावऱ्याच्या माणसाला रस्त्यातच घालवावा लागतो. हात मोडला तर तो थांबू शकतो, पण कवटीच्या आतला रक्तस्राव थांबत नाही.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवर होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९. आणि एकूण मृत्यूंपैकी सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागातले होते. हेल्मेटचा वाद मात्र शहरात रंगतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ शहर आणि गाव असा भेद करत नाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही, प्रमाणित हेल्मेट पट्टा बांधून घालणे बंधनकारक आहे. सूट आहे ती पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तींना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४-ड मध्ये एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र, अशी तरतूद आहे.

कायदा एक असला तरी अंमलबजावणी एक नाही. २०२१ मध्ये लोणीकंद आणि लोणी काळभोर ही ठाणी ग्रामीण पोलिसांकडून पुणे शहर आयुक्तालयात गेली. शिरूर आणि दौंड मात्र ग्रामीण पोलिसांकडेच राहिले. परिणाम रोज दिसतो. पुण्याला निघालेला माणूस हँडलला अडकवलेले हेल्मेट शहराची हद्द जवळ आली की डोक्यावर चढवतो आणि परतताना तिथेच उतरवतो. म्हणजे वेगाच्या, अंधाऱ्या टप्प्यात डोके उघडे आणि कोंडीत झाकलेले. हेल्मेट चलनासाठी घातले की असे होते.

हेल्मेट नेमके काय करते?

थांबलेल्या दुचाकीवरून माणूस आडवा पडला, तरी दीड मीटर उंचीवरून खाली येणारे डोके जमिनीवर आदळताना ताशी जवळपास २० किलोमीटर वेगात असते. म्हणजे ‘मी हळू चालवतो’ म्हणून पडण्याचा वेग कमी होत नाही. हेल्मेटचे बाहेरचे कवच मार पसरवते, पण खरे काम आतल्या थर्माकोलसारख्या थराचे. तो दबतो आणि डोके थांबायला काही क्षणांश जास्त मिळतात. एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलावे.

जगभरातील अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. ‘हेल्मेटमुळे मान मोडते’ असे छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावा त्यात नाही.

विरोधकांचे काहीच बरोबर नाही का?

आहे. एप्रिल-मे महिन्यांत शिरूरच्या उन्हात हेल्मेट नकोसे होते. आठवडे बाजारात ते ठेवायचे कुठे, हाही खरा प्रश्न आहे. आणि ‘आधी रस्ते सुधारा, ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावा, मग आमचे चलन फाडा’ ही तक्रार तर शंभर टक्के रास्त आहे. कॅमेऱ्याने दुचाकीस्वाराचा फोटो काढणे सोपे आहे, कारखान्याच्या ट्रॉलीला अडवणे अवघड. पण रस्ता वाईट आहे, हे कारण हेल्मेटच्या बाजूने जाते. ज्या रस्त्यावर भरवसा नाही, तिथेच डोके जपायला हवे.

नुकसानभरपाईबाबतही गैरसमज आहेत. अपघातग्रस्ताने नियम मोडला एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही. त्या चुकीचा अपघाताशी किंवा दुखापतीशी संबंध दाखवावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ट्रिपल सीटच्या एका प्रकरणात म्हटले आहे. मात्र हेल्मेट नसताना डोक्यालाच मार लागला असेल, तर तो संबंध जोडणे विमा कंपनीच्या वकिलाला किती कठीण जाईल?

मागे बसणाऱ्यांचे काय?

सगळ्यात दुर्लक्षित बाब हीच. २०२२ च्या त्या ५०,०२९ मृतांमध्ये १४,३३७ जण मागे बसलेले होते. आपल्याकडे मागे बसते ती बहुतेकदा बायको, आई किंवा बहीण. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर लेकरू आणि हातात पिशवी, म्हणजे धरायला हात मोकळा नाही. चालवणाऱ्याला निदान खड्डा दिसतो, तिला तोही दिसत नाही. रांजणगावच्या महागणपतीला किंवा सिद्धटेकला निघालेल्या जोडप्यांकडे पाहा: हेल्मेट असलेच तर एक, आणि तेही चालवणाऱ्याच्या डोक्यावर. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीही फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम लागू आहे. मुलाच्या मापाचे हेल्मेट, त्याला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा. हा नियम गावात किती जणांच्या कानावर आला आहे?

दुसरे हेल्मेट घेताना रस्त्याकडेच्या ढिगातली टोपी नको. जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकण्यास मनाई आहे. त्यावर आयएस ४१५१ हा क्रमांक आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या मोबाइल अॅपमध्ये टाकला की परवाना खरा की खोटा ते दुकानात उभ्या उभ्या कळते. नवी दुचाकी घेत असाल, तर गाडीसोबत प्रमाणित हेल्मेट देणे केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ नुसार बंधनकारक आहे. ते शोरूममध्येच मागून घ्यावे.