पुरुषाचा देखणा चेहरा : निसर्ग किती, सवय किती?

यवतमाळ जिल्ह्यात सोयरीक जुळवायला बसलेली मंडळी शेती-नोकरीची चौकशी झाली की विचारतात, "पोरगा दिसाले कसा हाये?" उत्तरही बहुधा ठरलेले : उंच, नाकेला, उजळ. मुलींना हा प्रश्न किती छळतो हे आपण जाणतोच. पण नववी-दहावीतला मुलगाही आरशासमोर तोच प्रश्न स्वतःला विचारत असतो.

देखणेपणा मोजता येतो का? 1878 च्या सुमारास फ्रान्सिस गाल्टन यांनी गुन्हेगारांची छायाचित्रे एकावर एक उमटवून 'गुन्हेगारी चेहरा' शोधण्याचा प्रयत्न केला. तो सापडला नाहीच; उलट एकत्रित चेहरा मूळ चेहऱ्यांपेक्षा अधिक नीटस दिसू लागला! 1990 मध्ये लँगलॉइस व रॉगमन या अमेरिकी संशोधिकांनी संगणकावर 32 चेहऱ्यांची सरासरी काढली, तेव्हाही तसेच आढळले. सरासरीत प्रत्येकाचे बारीकसारीक वेगळेपण पुसले जाते आणि डोळ्यांना परिचित वाटेल असा चेहरा उरतो. म्हणजे 'परिचित' ठरते ते आपण रोज कोणते चेहरे पाहतो यावर.

दुसरा मुद्दा डाव्या-उजव्या बाजूंच्या सारखेपणाचा. एक प्रयोग वर्गात जरूर करा. समोरून काढलेल्या छायाचित्रावर नाकाच्या रेषेत आरसा उभा धरा. मग आरसा फिरवून दुसरी बाजू पाहा. एकाच माणसाचे दोन निरनिराळे चेहरे दिसतील. थोडी असमानता प्रत्येकात असतेच. इरावती कर्वे यांचा बर्लिनमधील डॉक्टरेटचा विषय हाच होता : मानवी कवटीची असमानता. त्यांचे मार्गदर्शक ऑयगन फिशर यांचा समज असा की, गोऱ्या लोकांच्या कवटीची असमानता वेगळी असते व ती त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध नाही, असे स्वतःच्या मार्गदर्शकाविरुद्ध लिहिले. त्या काळात, त्या संस्थेत हे धाडसच होते.

नाकाचेही तसेच. रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाच्या रुंदीवरून जातींची उतरंड लावू पाहिली. डॉ. आंबेडकरांनी 1948 च्या ग्रंथात नाकाच्याच मोजमापांचा आधार घेऊन, अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत हा सिद्धान्त खोडून काढला. नाकपुड्यांच्या रुंदीचा संबंध हवामानाशी असल्याचे 2017 च्या एका अभ्यासात दिसले. उष्ण व दमट प्रदेशांत त्या सरासरीने रुंद असतात. सोयरिकीतल्या 'नाकेल्या'चा शास्त्राशी संबंध एवढाच.

आता खास पुरुषी खुणा : रुंद जबडा, पुढे आलेल्या भुवया, दाढीमिशा. यामागे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक असते. अशी ठसठशीत ठेवण सर्वांनाच आवडते, असे पुष्कळदा छापून येते. ते खरे नाही. 1998 मध्ये स्कॉटलंड आणि जपानमध्ये केलेल्या प्रयोगात पुरुषांचे किंचित बायकी केलेले चेहरे अधिक पसंत पडले. 2014 मध्ये 12 समाजांची तुलना प्रसिद्ध झाली. तीत ठसठशीत पुरुषी चेहऱ्याची आवड शहरी समाजांत अधिक दिसली, लहान पारंपरिक समाजांत कमी. ही आवड आदिम आहे, या कल्पनेला इथे चांगलाच धक्का बसतो.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगावी. खालच्या जबड्याची वाढ चेहऱ्याच्या वरच्या भागापेक्षा उशिरापर्यंत चालते, मुलांमध्ये तर अठराव्या वर्षाच्या आसपासपर्यंत. चौदाव्या वर्षी नाक मोठे व हनुवटी लहान वाटली, तर तो चेहरा अजून अर्धवट घडलेला आहे इतकेच.

उरला रंग. त्वचेतील मेलॅनिन हे अतिनील किरणांपासून संरक्षण देते. कापसाच्या शेतात उन्हात राबणाऱ्याला त्याची गरज काय असते हे सांगायला नको. पुरुषांसाठी गोरेपणाचे क्रीम भारतात 2005 साली आले. त्याहून गंभीर आहे ते स्टेरॉइडयुक्त मलमे परस्पर विकत घेऊन चेहऱ्याला लावणे. सुरुवातीला रंग उजळल्यासारखा वाटतो. पुढे त्वचा पातळ व लाल होते, पुरळ उठते, आणि मलम थांबवले की आग वाढते, म्हणून मुलगा ते पुन्हा लावतो. 2018 पासून अशा अनेक मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते. वर्गात कुणाचा चेहरा असा लालबुंद दिसला, तर त्याला एकट्याला बाजूला घेऊन कोणती ट्यूब वापरतो ते विचारा, आणि ट्यूबसह त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा.