बाक सरळ होतो, पण…

पन्नाशीचे गृहस्थ तपासणीसाठी येतात, सोबतचा माणूस बाहेर जाईपर्यंत ॲसिडिटीबद्दल बोलत राहतात आणि मग हळूच सांगतात, की उत्तेजित अवस्थेत लिंग वाकडे होते, दुखते आणि आत एक कडक गाठ हाताला लागते. बहुतेकांच्या मनात कर्करोगाची धास्ती असते. हा कर्करोग नव्हे आणि संसर्गजन्य रोगही नव्हे.

फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचे शल्यविशारद पेरोनी यांनी १७४३मध्ये या विकाराचे वर्णन केले. लांबट फुग्याला एका बाजूने चिकटपट्टी लावून तो फुगवला, तर पट्टीच्या बाजूला वाकतो. इथेही तसेच घडते. लिंगाच्या आतील लवचीक आवरणावर व्रण धरतो आणि तेवढा भाग ताणला जात नाही.

शस्त्रक्रियेची घाई मात्र करू नये. पहिले वर्षभर बाक बदलत राहतो, वेदना बहुधा आपोआप शमतात. बाक स्थिर झाल्यावर आणि संबंधात खरोखर अडचण येत असेल, तरच शस्त्रक्रिया. भिंतींवर जाहिराती करणाऱ्यांच्या तेला-लेपांनी हा व्रण विरघळत नाही.

बाक मध्यम असेल, तर लांब बाजूला टाके घालून ती आखूड करतात. नेस्बिट यांनी १९६५मध्ये मांडलेली पद्धत याच विचाराची. बाक साठ अंशांच्या पुढे असेल, तर व्रण छेदून तिथे शिरेचे किंवा प्रक्रिया केलेल्या प्राणिज ऊतीचे ठिगळ लावतात. यात लांबी कमी घटते, पण ताठरता कमी होण्याचा धोका वाढतो. औषधांनीही ताठरता येत नसेल, तर कृत्रिम रोपण हा मार्ग उरतो.

बहुतेकांचा बाक संबंधास पुरेसा सरळ होतो. तरीही काहीजण नाराज असतात आणि कारण एकच, ‘आखूड झाले.’ वास्तविक आजारानेच लांबी आधी घटलेली असते, टाक्यांनी ती आणखी घटते. म्हणून मी शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णासमोर माप घेऊन केसपेपरवर लिहितो. पत्नीलाही बोलावतो, तिच्या शंका अनेकदा अधिक नेमक्या असतात. काही वेळा याच शस्त्रक्रियेत सुंताही करावी लागते. हे आधी सांगितले नाही, तर घरी भलताच गहजब होतो! टोकाशी काही महिने बधिरपणा राहू शकतो, क्वचित कायमचाही. संबंध साधारण सहा आठवडे बंद.

येताना घरीच, उत्तेजित अवस्थेत, वरून आणि बाजूने मोबाइलवर छायाचित्रे काढून आणावीत. चेहरा नको. अंश त्यावरूनच कळतात.